वाचलं ना? मग दोन ओळींचा शेरा लिहा!

शिक्रापूरच्या चाकण चौकात सायंकाळी जरा उभं राहून बघा. एका अंगाने पुण्याकडची वाहनं, दुसऱ्या अंगाने नगरकडची, आणि तिसरीकडून चाकणहून आलेले लांबलचक कंटेनर. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण रस्त्याला लोक अजून नगर रोडच म्हणतात. सणसवाडीच्या, रांजणगावच्या कंपन्यांच्या पाळ्या सुटलेल्या असतात. कामगारांची बस अर्धा-अर्धा तास जागची हलत नाही. आतली माणसं काय करतात? मान खाली, अंगठा वर-खाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला, तेव्हा याच चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय निघत नव्हता. डोळे पुसत थेटराबाहेर आलेली माणसं दुसऱ्या दिवशी वढू बुद्रुकला जाऊन समाधीवर डोकं टेकवून येत होती. चहा पिता पिता एका पोराने विचारलं, "पण हे सगळं अस्संच झालं होतं का?" टपरीवरची दहा माणसं गप्प. मग एक म्हणाला, "पुस्तकात तसंच आहे म्हणे." दुसरा म्हणाला, "कुठलं पुस्तक?" यावर कुणालाच काही सांगता आलं नाही.

वाचकहो, त्या पोराचा प्रश्न लाखमोलाचा होता. गोष्ट वाचून, बघून झाल्यावर असं विचारायची सवय आपल्या गावांना लागावी, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

बैलाची पारख करता, मग पुस्तकाची का नको?

पुस्तकाचं परीक्षण म्हणजे प्राध्यापकांचं काम, असं आपण धरून चाललोय. पण जरा आठवा. सप्ताहात कीर्तन झालं की घरी जाता जाता म्हातारी माणसं काय बोलतात? "बुवांनी आख्यान झ्याक लावलं, पण मधे फार लांबवलं." हे परीक्षणच झालं. घाटातल्या शर्यतीत कुठली बारी किती सेकंदांत आली, कुठला बैल निशाणाजवळ ढिला पडला, याच्यावर पारावर तासभर काथ्याकूट चालतो. बाजारात बैलाचे दात बघून वय सांगणारी माणसं आपल्यात आहेत. तमाशात सोंगाड्या नवा आहे की मुरलेला, हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

एवढी पारख असलेला माणूस पुस्तक हातात आलं की मुका होतो. "चांगलं आहे" म्हणतो आणि परत करतो. कुणाला चांगलं? कशामुळे चांगलं? दहा वर्षांच्या पोराला द्यावं की साठीच्या आजोबांना? हे कुणी सांगत नाही. म्हणून वाचनालयात पुढचा माणूस येतो, कपाटासमोर उभा राहतो, जाड पुस्तक बघून बिचकतो आणि वर्तमानपत्र चाळून घरी जातो.

पहिलंच पुस्तक चुकलं की माणूस वाचनातून कायमचा उठतो. चौथीतल्या पोराच्या हातात आठशे पानांची कादंबरी दिली की त्याला वाटतं पुस्तक ही शिक्षा आहे. तेव्हा कुठलं पुस्तक कुणाच्या हातात जातं याला फार महत्त्व आहे.

पोरांसाठी : फुरसुंगीचा सायकलवाला

सुरुवात जवळच्या गावातून करू. भा. रा. भागवतांनी 'फास्टर फेणे' लिहिला. हा बन्या ऊर्फ बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, म्हणजे आपल्या शेजारच्या हवेली तालुक्यातला. शिकायला पुण्यात, सायकलवर सुसाट, आणि जिथं भानगड तिथं हा हजर. मुंबईच्या किंवा विलायतेच्या पोराचं साहस वाचण्यात मजा आहेच, पण आपल्याच भागातलं पोर चोर पकडतंय म्हटल्यावर पाचवी-सातवीचा पोरगा कान टवकारतो. २०१७ साली यावर चित्रपटही निघाला. चित्रपट बघितलेल्या पोराला लगेच पुस्तक द्या. त्याला एकच प्रश्न विचारा, "सिनेमातला फेणे मोठा आहे, पुस्तकातला शाळकरी आहे. तुला कुठला आवडला?" जे उत्तर येईल ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं परीक्षण.

त्याहून लहानांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून ते निघतंय, आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. त्या मोबाइलचा एवढा तरी उपयोग व्हावा.

'श्यामची आई' मात्र वय बघून द्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. आपल्या पिढीला त्याने रडवलं. पण "वाच, तुला वळण लागेल" असं म्हणून दिलेलं कुठलंही पुस्तक पोरं वाचत नाहीत. रात्री एक-एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा. आजीही ऐकेल. आजी आणि नातू दोघांना एकाच पुस्तकात रस वाटतो असे प्रसंग आता घरात फार उरले नाहीत.

मिसरूड फुटताना : भीती, चोरी आणि आकाश

आठवी ते बारावीचं वय मोठं अवघड. बोधाच्या गोष्टी नकोशा, मोठ्यांच्या कादंबऱ्या जड. या वयाला रहस्य लागतं. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाचायची गोडी लावली ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने. या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मास्तर वर्गात धडा शिकवायचे आणि पोरं पुस्तकाआड अर्नाळकर वाचायची. पुढे नारायण धारपांनी भयकथा दिल्या, रत्नाकर मतकरींनी गूढकथा दिल्या. "असलं काय वाचतो" म्हणून हे हिसकावून घेऊ नका. जो पोरगा रात्री घाबरून पांघरुणात वाचतो, तो वाचतोय हे मोठं आहे.

विज्ञानकथेचं तर आपल्या जिल्ह्याशी नातंच आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. एवढा जगात गाजलेला शास्त्रज्ञ, पण म्हटलं नाव बघून बक्षीस नको, गोष्ट बघून द्या. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षण कसं करावं याचा धडा याहून चांगला कुठला? नाव झाका आणि गोष्ट तोला. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह अजून वाचण्यासारखा आहे. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणींचा पसारा आहे. नारळीकर वाचून पोरांनी खोडदला एक सहल काढावी, म्हणजे गोष्ट आणि आकाश यांची गाठ पडेल.

इतिहास : इथं जपून पाऊल टाका

आता मुद्द्याचं बोलू. शिक्रापूरकरांइतक्या ऐतिहासिक कादंबऱ्या दुसऱ्या कुणाच्या दारात नसतील. वढू बुद्रुक आणि तुळापूर इथं छत्रपती संभाजी महाराजांची स्मृती आहे. १६८९ च्या मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्यावर शिवाजी सावंतांनी १९७९ साली 'छावा' लिहिली, विश्वास पाटलांनी २००५ साली 'संभाजी' लिहिली. उत्तरेला पाबळला मस्तानीची कबर आहे. तिच्यावर आणि बाजीरावावर ना. सं. इनामदारांनी १९७२ साली 'राऊ' लिहिली, आणि २०१५ चा 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट त्याच कादंबरीवर बेतलेला आहे. इकडे थेऊरला माधवराव पेशव्यांनी १७७२ साली देह ठेवला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली ती त्यांच्यावरच. या सगळ्या जागा मोटारसायकलवर एका दिवसात बघून होतील.

या कादंबऱ्यांनी मराठी माणसाला इतिहासाचं वेड लावलं, हे उपकार मोठे आहेत. पण कादंबरी म्हणजे बखर नव्हे आणि दफ्तरही नव्हे. लढाईची तारीख कागदात मिळते. राजा रात्री राणीशी काय बोलला, ते कागदात मिळत नाही. तो संवाद लेखकाने रचलेला असतो, आणि रचायचा त्याला हक्क आहे. मस्तानीचंच घ्या. ती मूळची कोण, तिचा मृत्यू नेमका कशाने झाला, याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. इनामदारांनी त्या मोकळ्या जागा कल्पनेने भरल्या. आपण मात्र कादंबरी वाचून "मस्तानी अशीच होती" असं छातीठोक सांगत सुटतो.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर कल्पनेने केवढं नुकसान केलं होतं बघा. कित्येक वर्षं नाटकांतून, गोष्टींतून ते व्यसनी, बेफिकीर राजपुत्र म्हणून रंगवले गेले. लोकांनी तेच खरं धरलं. मग वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची वर्षं घालून कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० साली महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. कमल गोखल्यांनी १९७१ साली 'शिवपुत्र संभाजी' हा अभ्यासग्रंथ दिला. त्यानंतर चित्र पालटलं. म्हणजे गोष्टीने केलेली चूक अभ्यासाने निस्तरली. उद्या एखादी गोष्ट दुसऱ्या बाजूने चूक करील, तेव्हाही कागदाकडेच जावं लागेल. म्हणून 'छावा' वाचणाऱ्याने शेजारी बेंद्र्यांचं चरित्र ठेवावं. भावना कादंबरीतून घ्या आणि तारीख, कारण, कार्यभाग चरित्रातून घ्या.

हे इतकं बजावून का सांगतो? कोरेगाव भीमाची १८१८ ची लढाई आपल्या उंबऱ्यावर झाली, आणि १ जानेवारी २०१८ ला याच नगर रस्त्यावर काय घडलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. दगड, जाळपोळ, भीतीने बंद झालेली दुकानं. एखाद्या पुस्तकाने ते घडवलं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या भागात इतिहासावरून माणसं एकमेकांसमोर उभी राहतात, त्या भागात तरी "हे कागदातलं की लेखकाच्या मनातलं?" हा प्रश्न विचारता आला पाहिजे. टपरीवरच्या त्या पोराने तोच विचारला होता. दहा मोठ्या माणसांना उत्तर आलं नाही, याची लाज पोराला नको, आपल्याला हवी.

मातीतली कादंबरी : आपलंच गाऱ्हाणं

आपल्या तालुक्यात चासकमानचा कालवा आला, ऊस आला, मग कंपन्या आल्या. कुणाची जमीन गेली, कुणाची सोन्याच्या भावाने विकली गेली, कुणाचा मुलगा मालकाचा नोकर झाला. हे सगळं मराठी कादंबरीत आधीच लिहून ठेवलंय.

आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ ची. शेतावर राबणारा गडी, आणि मळ्यात यंत्र आल्यावर बैल, जनावरं नि माणसं कशी एकेक निरुपयोगी ठरत जातात, त्याची ही कथा. भाषा कोल्हापूरकडची, पहिली काही पानं अडखळाल, पण मोठ्याने वाचली की कळते. धरणग्रस्तांची परवड वाचायची तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे. पाणी आपल्या शेतात येतं तेव्हा ते कुणाच्या तरी घरावरून येतं, हे कालव्याखालच्या बागायतदाराने एकदा वाचावं. शिकून बेकार बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला सदानंद देशमुखांची 'बारोमास' द्या. त्याला स्वतःचंच घर दिसेल. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ ची, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. ती एका वस्तीपुरती ठेवू नका. गावातल्या प्रत्येक आळीने वाचावी.

आणि ज्याला लहान पुस्तक हवंय त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. १९५५ ची कादंबरी, एका तरुण मास्तराची आणि धनगरांच्या वाडीची. दोन रात्रींत संपते. शेवट मी सांगत नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

लेकीसुनांचं काय?

वाचनालयाच्या बाकावर बाया बसलेल्या आपल्याला क्वचित दिसतात. पण त्या वाचत नाहीत असं नाही. रात्री भांडी झाल्यावर, दिवा मालवायच्या आधी, दहा पानं वाचणाऱ्या सुना आहेत. त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचत नाही, ही खरी अडचण. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. या बाई कोण, याचे सगळीकडे तर्क चालले. त्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. शिरूरकर या आडनावाने गाजलेलं हे पुस्तक शिरूर तालुक्यातल्या किती जणींनी पाहिलंय? बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर एक पुस्तकही फिरवून बघा. हप्ता भरला, पुस्तक बदललं, दोन वाक्यं बोलली. याला काही पैसे पडत नाहीत.

शेरा लिहायचा कसा?

आता कामाची गोष्ट. शाळेच्या वहीचा अर्धा कागद घ्या आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आतून चिकटवा. वाचणाऱ्याने त्यावर दोन-तीन ओळी लिहायच्या. प्रश्न पाचच :

हे कुणाला द्यावं, कितव्या वर्षी?

कुठं कंटाळा आला?

कुठलं माणूस डोक्यात राहिलं?

किती खरं, किती रचलेलं वाटलं?

काय पटलं नाही?

तिसरीतली मुलगी लिहील, "सायकल आवडली. एक पान कळलं नाही. दादाला द्या." रात्रपाळीचा कामगार लिहील, "कंपनीच्या बसमध्ये वाचलं. पहिली चाळीस पानं जड, मग सुटत नाही. ज्याची जमीन गेली त्याने वाचावं." आजीचा शेरा नातीने लिहून घ्यावा, "वाचून दाखवलं. रडू आलं. पण सून एवढी गप्प बसते हे काही पटलं नाही."

या तीन शेऱ्यांत जे आहे ते मोठ्या समीक्षेतही पुष्कळदा सापडत नाही. पुढच्या माणसाला पुस्तक निवडता येतं. न आवडलेलंही लिहा. गावात भीड फार. "मास्तरांनी दिलेलं पुस्तक, वाईट कसं म्हणू?" अहो, पुस्तकाला वाईट म्हटल्याने मास्तर वाईट होत नाहीत. फक्त तीन पथ्यं पाळा. पुरतं वाचल्याशिवाय शेरा नको, आणि अर्धं सोडलं तर अर्धं सोडलं असं लिहा. रहस्यकथेचा शेवट फोडू नका. लेखकाची जात आणि पक्ष काढू नका.

वाचनालयाच्या कारभाऱ्यांना

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. राज्यात आज दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं अनुदानावर चालतात, अ, ब, क, ड अशा वर्गांत. अनुदान तुटपुंजं, कर्मचाऱ्याचा पगार त्याहून तुटपुंजा, हे मान्य. पण पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीला गठ्ठ्याने पुस्तकं येतात आणि दोरी न सोडता कपाटात जातात. कारण निवड करणाऱ्याला वाचणारा माहीत नाही. शेऱ्यांचे कागद हाताशी असतील तर खरेदीच्या वेळी सांगता येईल, "आमच्याकडे भयकथेला चार पोरं रांगेत आहेत, बायकांना कथासंग्रह हवेत, चरित्रं पुरे." 'ललित' मासिक १९६४ पासून नव्या पुस्तकांची खबर देतं, तेही मागवता येईल. आणि शक्य झालं तर गावाने एकदा महाबळेश्वरजवळच्या भिलारला जाऊन यावं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडलेली. कुठल्याही घरात जा, बसा, वाचा. तेही आपल्यासारखंच शेतीचं गाव, स्ट्रॉबेरी पिकवणारं.

आपल्या गावात वाचनालयच नसेल तर? देवळाच्या ओवरीत एक पेटी ठेवा. वीस पुस्तकं पुरतात. पाच पोरांची, पाच रहस्याची, पाच इतिहासाची आणि पाच मातीतली. प्रत्येकाच्या शेवटी तो अर्धा कागद. सहा महिन्यांनी कागद काढून बघा. कुठलं पुस्तक फाटलं आणि कुठलं कोरं राहिलं, तेच तुमच्या गावाचं मत.

पुढच्या वेळी चौकात बस अडकली आणि शेजारच्या पोराने विचारलं, "काका, हे खरंच असं झालं होतं का?" तर निदान एवढं सांगता यावं : "अर्धं झालं होतं, अर्धं लेखकाने रचलंय. कुठलं कुठलं ते शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलंय. घे, वाच, आणि खाली तुझंही लिही."